बायचा स्क्रॅच

माझ्या गाण्यांवर नाव माझं असतं आणि आवाज कुणा ना कुणा गायिकेचा असतो. पण त्या गायिकेच्या आधी ते गाणं माझ्या मोठ्या बहिणीने गायलेलं असायचं. हे कुणाला माहीत नाही, कारण तिचा आवाज मी पुसून टाकत असे. त्यात राग नव्हता, लोभ नव्हता. आमच्या धंद्याची रीतच तशी आहे.

ती रीत आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. गाण्याची चाल बसली, गिटार वाजून झाली, की आधी कुणीतरी ते गाणं साधंच गाऊन ठेवतं. त्याला स्क्रॅच म्हणतात. मग खरी गायिका येते, कानाला हेडफोन लावते आणि तो स्क्रॅच ऐकत ऐकत स्वतः गाते. तिचं मनासारखं झालं की स्क्रॅचचं काम संपलं. स्लॅब सुकला की खालचे टेकू काढतात ना, तसंच. टेकू कुणी जपून ठेवत नाही. मी तर मुळीच नाही. मला कॉम्प्युटरमध्ये कचरा चालत नाही, जे लागत नाही ते त्याच दिवशी साफ. दुसरे रेकॉर्डिस्ट वर्षानुवर्षं सगळा पसारा साठवून ठेवतात, त्यांना मी हसायचो.

आम्ही चौक गावचे ख्रिस्ती कोळी, भाईंदरजवळच्या उत्तनच्या पुढचे. बाय माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई मासळीची पाटी घेऊन बाजाराला जायची, तेव्हा मला सांभाळलं बायने. मोठेपणी आईची पाटी तिच्या डोक्यावर आली आणि माझ्या हातात गिटार. आमच्या घरात या वाटणीबद्दल कधी कुणी चकार शब्द काढला नाही. मीही काढला नाही, मला ती सोयीची होती.

कॉलेजात आम्ही चौघांनी रॉक बँड काढला होता. गाणी मी लिहायचो, इंग्रजीत. माझं इंग्रजी काय होतं ते आज वाचलं की कान गरम होतात. गावात वाजवलं की म्हातारे दगड घेऊन येतील अशी परिस्थिती, म्हणून आम्ही चेण्याला आमच्या ड्रमरच्या काकांच्या रिकाम्या पोल्ट्रीत सराव करायचो. कोंबड्या गेल्या होत्या, वास राहिला होता. कार्यक्रमाला अँप्लिफायर न्यायचा तर गाडी कुठली? बाय तिच्या ओळखीचा बर्फाचा टेम्पो सांगायची. अँप्लिफायर मासळीच्या टोपल्यांमधून जायचा. एका कॉलेजच्या स्टेजवर निवेदक माइकमध्येच म्हणाला, "कुछ स्मेल आ रहा है क्या?" सगळं पब्लिक हसलं. त्या दिवशी आम्ही जन्मात वाजवलं नव्हतं इतकं जोरात वाजवलं.

बाय एकदाच ऐकायला आली होती, बाजार उरकून, रिकामी पाटी कमरेवर घेऊन. शेवटपर्यंत मागे उभी राहिली. परत येताना टेम्पोत मी विचारलं, कसं वाटलं. तिने रिकामी पाटी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "चांगला हाय. पन तुजा भांडन कोनाशी हाय रे बाबू?"

मला फार राग आला होता. तीस वर्षं झाली, उत्तर अजून मिळालेलं नाही.

बँड संपला, सगळ्यांचे संपतात तसाच. ड्रमर बोटीवर लागला, बेसवाला बँकेत, गाणारा कॅनडाला. मी गिटार घेऊन घरात बसलो. तेव्हा आमच्या चर्चच्या फादरांनी उपवासकाळासाठी एखादं मराठी गाणं करशील का म्हणून विचारलं. मी केलं. गिटारला असा काही कर्कश आवाज लावला की खिडक्या थरथरल्या. फादर डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि म्हणाले, "छान आहे. पण प्रभू येईपर्यंत लोक पळून जातील." मी कर्कशपणा काढला. गिटारचा लांबलचक सोलो मात्र काढला नाही. तेवढी खोड राहिली, ती आजही आहे. माझ्या प्रत्येक भक्तिगीतात दुसऱ्या कडव्याआधी मी अर्धापाऊण मिनिट गिटार वाजवत बसतो, आणि गायिका बिचाऱ्या परत कुठे सुरू करायचं ते विसरतात.

ते पहिलं गाणं दुसऱ्या चर्चच्या धर्मग्रामात गेलं, तिथून तिसऱ्या. वसईहून बोलावणं आलं, मग नाशिकहून. हळूहळू मी तेवढंच करायला लागलो. भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कला एक वन-रूम-किचन घेतलं, आतल्या खोलीच्या भिंतींना फोम लावला आणि दारावर स्टुडिओ अशी पाटी ठोकली. शेजारचे गुजराती काका भला माणूस. दिसले की विचारतात, "भाईसाब, आज जीजस का है या शादी का?" मी लग्नाचीही कामं घेतो. नवरात्रात काहीच घेत नाही, गरबा सरळ फोमातून आत येतो.

आणि स्क्रॅच बायचा. सुरुवातीला दुसरं कुणी मिळत नव्हतं म्हणून, नंतर तिच्यासारखं दुसरं कुणी नव्हतं म्हणून. भाईंदरच्या बाजारात दुपारपर्यंत मासळी विकायची, मग पूल ओलांडून पूर्वेला यायची. मोरीत हाताला लिंबू चोळायची, चहा प्यायची आणि उभी राहायची माइकसमोर. दोनदा चाल ऐकली की तिसऱ्यांदा गाऊन मोकळी. आवाज उंच, किंचित नाकातला, आणि सरळ. मुद्दाम भाव आणायची नाही. गायिका पुढे तासभर डोळे मिटून जे शोधायच्या ते हिच्याकडे आल्या आल्या असायचं. माझ्या त्या सोलोवर उपायही तिनेच काढला. सोलो संपत आला की स्क्रॅचमध्ये ती बोलायची, "चल, आता तू." हेडफोनमध्ये ते ऐकू आलं की गायिका बरोबर जागेवर सुरू व्हायची. तालमीला ती गायिकेच्या शेजारी उभी असेल तर कोपराने ढोसायची. चांगल्या नावाजलेल्या बायका, सिल्कच्या साड्या नेसून आलेल्या, आणि ही बरगडीत कोपर मारतेय. एकीनेही कधी तक्रार केली नाही.

माझं जे गाणं सगळ्यात चाललं ते रिकाम्या जाळ्याचं. रात्रभर समुद्रात राबून काही न मिळालेले शिष्य आणि किनाऱ्यावर उभा असलेला प्रभू. लोक मला विचारतात, कसं सुचलं हो. मला नाही सुचलं. मी दोन दिवस पहिल्या ओळीवर अडून बसलो होतो. बायचा नवरा मासेमारीच्या बोटीवर खलाशी. ती चहा पिता पिता म्हणाली, "रिकामा जाला घेऊन येनारा मानूस घरात पयला बायकोच्या तोंडाकडं न्हाय बगत. तो पोरांच्या ताटाकडं बगतो." मी ते जसंच्या तसं शुद्ध मराठीत उतरवलं. गाणं झालं.

त्या गाण्याचा स्क्रॅच तिने गायला तेव्हा मी काचेपलीकडे गिटार मांडीवर घेऊन नुसता बसून होतो. गाऊन झाल्यावर ती बाहेर आली, पदराने मान पुसली, आणि तिने एकदाच, आयुष्यात एकदाच मागितलं. "बाबू, ह्यो माजाच ठेव ना."

मी काय म्हणालो ते लिहायला नको वाटतं, पण लिहितो. मी म्हणालो, "बाय, तुझा आवाज झकास आहे, पण बोली गावची येते. तू जाळ्याला जाला म्हणतेस. नाशिकचे लोक हसतील." स्टेजवर वासाला हसले होते तेव्हा मला जे लागलं होतं, तेच मी उचलून तिला दिलं. ती म्हणाली, "हां, ता बी हाय." आणि चपला घालून गेली. पुढल्या आठवड्यात गायिका आली, गायली. संध्याकाळी मी स्क्रॅच पुसला.

त्यानंतरही बाय येत राहिली. कित्येक वर्षं, कित्येक गाणी. परत कधी मागितलं नाही.

मागच्या वर्षी तिचा आवाज बसला. बाजारात ओरडून ओरडून बसतो, तसाच असेल म्हणून आधी हळदीचं दूध, मग काढा, मग कुठल्याशा बाईने दिलेल्या गोळ्या. तीन महिन्यांनी मीच तिला मीरा रोडला तपासायला नेलं. स्वरयंत्रात गाठ निघाली. डॉक्टर तरुण होते, मऊ बोलत होते. म्हणाले, पूर्ण काढावं लागेल, जीव वाचेल, आवाज जाईल.

बाय नाही म्हणाली. नवऱ्याने समजावलं, मुलांनी समजावलं, फादर घरी येऊन गेले. ती ऐकेना. "मुकी बाय मासली कशी इकनार?" एवढंच बोलायची, तेही घोगऱ्या आवाजात. पंधरा दिवस असेच गेले. शेवटी सगळ्यांनी मला पुढे केलं. तुझं ऐकेल म्हणाले.

चौकला ओट्यावर ती सुकत टाकलेले बोंबील उलटत होती. मी शेजारी बसून डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं परत सांगितलं. ती ऐकत होती की नव्हती, कळत नव्हतं. मग हात थांबवून माझ्याकडे बघितलं.

"तुज्याकं हाय ना माजा आवाज? इतकी गानी गायले."

मी हो म्हणालो.

"समदी?"

"सगळी आहेत, बाय."

"मंग गेला त गेला," ती म्हणाली. "कापू दे त्यांना."

दुसऱ्या दिवशी तिने सही केली. घरातले सगळे मला म्हणत होते, तू होतास म्हणून झालं. मी मान हलवत होतो. तिच्यापाशी खोटं बोललो नसतो तर ती आज नसती, हे मला माहीत आहे. खोटं बोललो हेही माहीत आहे. या दोन्हीचा मेळ मला अजून घालता आलेला नाही, आणि कुणी घालून देऊ नये.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात मी माइक घेऊन तिच्या घरी गेलो होतो. म्हटलं, सहज एक ओळ गा. तिने प्रयत्न केला. घासलेल्या पत्र्यासारखा आवाज आला. तिने माइक हाताने बाजूला केला. "ह्यो नको. ह्यो माजा न्हाय. माजा तुज्याकं हाय तो."

ऑपरेशन चांगलं झालं. गळ्याला पुढे एक भोक आहे, त्यावर ती रुमाल बांधते. नातवाची जुनी पाटी सोबत ठेवते आणि मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहिते. चौथीपर्यंत शिकलेली, पण अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. बाजारात परत बसायला लागली. शेजारची कोळीण तिच्या वाटणीचंही ओरडते.

आणि एका दुपारी, पूर्वीच्याच वेळेला, ती जेसल पार्कला आली. मोरीत जाऊन हाताला लिंबू चोळलं, चहा प्यायली, खुर्ची ओढून स्पीकरसमोर बसली आणि पाटीवर लिहिलं, "लाव."

मी म्हटलं कॉम्प्युटर बंद आहे. पुढल्या वेळी म्हटलं डिस्क दुरुस्तीला दिलीय. तिसऱ्या वेळी काय म्हटलं ते आठवत नाही. ती दर वेळी शांतपणे पाटी पिशवीत घालून बस पकडायला जायची. इकडे मी वेड्यासारखा शोधत होतो. सकाळी सगळं आवरून बसायचो ते जेवायचीही शुद्ध नसायची. जुन्या डिस्क, सीड्या, एक मेलेला लॅपटॉप. घरच्या लग्नांच्या व्हिडिओत तिचं बोलणं सापडलं, बँडच्या आवाजाखाली, "पानी आन गो" वगैरे. गाणं कुठेच नाही. माझी साफसफाई नंबर एक होती. मी ज्यांना हसायचो त्यांच्यातल्या एकाच्या कॉम्प्युटरवर मी काम केलं असतं तर आज बाय मिळाली असती.

मग एक गोष्ट लक्षात आली. गायिका हेडफोन लावून गाते तेव्हा हेडफोनमधला स्क्रॅच थोडासा बाहेर झिरपतो आणि तिच्या माइकमध्ये शिरतो. अगदी बारीक. ती गात असेल तोवर तिच्या आवाजाखाली दडतो, ती गप्प असेल तिथे उघडा पडतो. म्हणून मी गप्प जागा सगळ्या कापून टाकायचो, एकही सोडायचो नाही. पण रिकाम्या जाळ्याचं गाणं ईस्टरच्या घाईत संपवलं होतं, आणि त्या गायिकेला हेडफोन एका कानावरून सरकवून गायची सवय होती. तिचा मूळ ट्रॅक मी उघडला. सोलोची जागा कापलेली नव्हती. विसरलो होतो. माझ्या सगळ्या कामातली ती एक चूक असेल.

आवाज शेवटपर्यंत वाढवला. नुसती खरखर, पंख्याची घरघर, लांबून माझीच गिटार. आणि सोलोच्या टोकाला, डब्यात बोलल्यासारखी, बाय.

"चल, आता तू."

त्यापुढे गायिका सुरू होते आणि बाय तिच्याखाली जाते. गातेय, मला माहीत आहे गातेय, पण काही केल्या वेगळी निघत नाही. आठवडाभर माझ्याकडची सगळी विद्या वापरली. तीन शब्द मिळाले, आणि तेही गाण्याचे नाहीत. दुसरीला गायला सांगितलेले.

बायला मीच फोन करून बोलावलं. तिच्या मुलाने फोन घेतला, निरोप दिला. ती आली, बसली. मी काही न सांगता लावलं. खरखर सुरू झाली तशी ती पुढे झुकली. "चल, आता तू" आलं आणि ती हसली. आवाज नसलेलं हसू, गळ्याच्या भोकातून फक्त वारा आला. बोट फिरवून खूण केली, परत. मी परत लावलं. परत. सात-आठ वेळा ऐकलं असेल. शेवटी डोळे पुसून तिने पाटी घेतली आणि लिहिलं, "बाकीचं?"

मी स्पीकर बंद केला. मग सांगितलं. म्हटलं, बाय, बाकीचं काही नाही. मी सगळं पुसलं, त्या त्या दिवशीच. ओट्यावर तुला हो म्हणालो तेव्हाही काही नव्हतं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने "बाकीचं?" तळहाताने पुसलं, सावकाश, कोपऱ्यातलं प्रश्नचिन्हसुद्धा. पाटी पिशवीत घातली. मी बसस्टॉपपर्यंत मागे मागे गेलो. चौकची बस आली, ती खिडकीशी बसली, आणि बस निघेपर्यंत समोर बघत राहिली.

पुढचे तीन रविवार चर्चमध्ये मिस्साला ती बायकांच्या बाजूला पार पुढच्या बाकावर बसली. मी मागून तिच्या मानेवरची रुमालाची गाठ बघत होतो. मला वाटलं, आता हे असंच राहणार.

चौथ्या रविवारी मिस्सा सुरू होऊन गेल्यावर ती आली आणि माझ्या बाकावर, माझ्या शेजारी बसली. माझ्याकडे बघितलं नाही. अर्पणाच्या वेळी कॉयरने नेमकं तेच गाणं घेतलं, रिकाम्या जाळ्याचं. सगळं चर्च गात होतं. बायचे ओठ हलत होते. मी कधी गात नाही, माझा आवाज बेसूर आहे. तो रेकॉर्डिंगमध्ये इतक्या वेळा ऐकलाय की शंकेला जागा नाही. पहिलं कडवं संपलं. कॉयरचा पोरगा माझा सोलो वाजवायला लागला, तोच लांबलचक. लोक खोकले, पुस्तकं उलटली. तो संपत आला, आणि माझ्या बरगडीत कोपर बसलं.

मी तिच्याकडे बघितलं. ती समोर वेदीकडे बघत होती. कोपर परत बसलं, या वेळी जोरात.

मी गायला लागलो. बेसूर, फाटक्या आवाजात, बाय म्हणायची तसंच, जाला म्हणून. पुढच्या बाकावरच्या दोघी मागे वळून बघायला लागल्या. मला रडू फुटलं आणि ओळ मध्येच तुटली. तिने कोपर काढलं नाही, आणि मी पुढची ओळ घेतली.